शामरावजी आणि आजूबाजूची हवा

सौंसरात कोणी आजारी पडलं की शामरावजी भेटायला येत आणि रोग्याकडे ढुंकूनही पाहत नसत. आधी खिडकी उघडत, मग खाटेखालचं सामान बाहेर काढायला लावत, आणि मग घरच्यांना विचारत, “जवळ कोन बसते?”

ही खोड त्यांच्या संत्र्याच्या बागेतली. झाड पिवळं पडलं की लोक पानांवर फवारे मारत. हे बुंध्याजवळची माती उकरत बसत. “झाडाले काय पाह्यता? आजूबाजूचं पाहा नं!” माणसांनाही तोच नियम. मला कावीळ झाली तेव्हा त्यांनी माझ्या सख्ख्या मामांना घराबाहेर काढलं. मला म्हणाले, “मास्तर, हे रडकं तोंड हवा खराब करून राहिलं.” मामा पुढे वर्षभर फिरकले नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं, असं नाही.

मग त्यांच्याच घरी दुखणं आलं. गिरजावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अन्न जाईना. नागपूरला नेलं, मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. गाठीभोवती घट्ट, चिवट आवरण असतं, औषध आत पोचत नाही.

शामरावजी खुर्चीतून उठलेच. “मंग गाठीले राहू द्या, आजूबाजूचं पहिले मोकळं करा!”

डॉक्टर हसले नाहीत. “काका, तसं औषध आज आमच्याकडे नाही.”

ऐंशीच्या दशकातली ती गोष्ट.

घरी येताच त्यांनी वहिनींची खाट बागेकडच्या खिडकीशी लावली. डोळे पुसत आलेल्या बायांना जामसांवलीच्या देवळातल्या प्रसादासकट अंगणातूनच परत पाठवलं. आत जायचं तर मलासुद्धा आधी हसून दाखवावं लागे.

एका संध्याकाळी वहिनींजवळ बसलो असताना माझ्या ध्यानात आलं, शामरावजी स्वतः कधी आत येतच नाहीत. बाहेर जाऊन पाहिलं, तर खिडकीखाली भिंतीला टेकून, दुपट्टा तोंडाशी धरून बसलेले.

“आत का येत नाही?” मी विचारलं.

“मास्तर, माहं तोंड काही केल्या हासत नाही. मीच हवा खराब करन.”

तेवढ्यात खिडकीतून वहिनींचा आवाज आला. बहुधा त्यांना रोजच सगळं ऐकू येत होतं.

“अवो, साऱ्या गावाले इचारता, जवळ कोन बसते. मंग माह्याजवळ कोन बसन? या आत. रडाचं असन तं इथं रडा.”

शामरावजी उठले. दारात चपला काढल्या, दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि आत गेले.

मी फाटकाशी जाऊन बसलो. त्या संध्याकाळी हसऱ्या माणसालाही आत सोडलं नाही.