संशयाचा डोह, भाग सातवा

तालुक्याचं नाव सांगत नाही. उगाच जिल्ह्यातल्या बाकीच्या पंधरा तालुक्यांना डावलल्यासारखं वाटायचं. तर या तालुक्यातल्या दोनशे बारा शिक्षकांना एका सोमवारी परिपत्रक आलं. 'चिकित्सक वृत्ती संवर्धन अभियाना'त प्रत्येकाने धर्म आणि शंका या विषयांवरचे आपले आवडते पॉडकास्ट प्रपत्र 'ब'मध्ये, तीन प्रतींत कळवावेत. आवड नसल्यास ती आठ दिवसांत निर्माण करावी. अभियानाचं उद्घाटन अमावास्या टाळून झालं आणि अंधश्रद्धेच्या निर्मूलनार्थ नारळ फोडण्यात आला.

वर्षा राठोड याच तालुक्यात एका तांड्यावरच्या शाळेत शिकवायची. नवरा शाम आणि तिसरीतली अंजू पुसदला. लेकीची भेट फक्त रविवारी, तीही बस वेळेवर लागली तर. बदलीसाठी चार वर्षं अर्ज करून झाले होते, आणि यंदा बदलीच्या यादीत 'चिकित्सक वृत्ती'ला दहा गुण ठेवले होते. वर्षाला हर्ष झाला. कारण चौदा माणसं आणि दोन बकऱ्या बसवलेल्या जीपमध्ये ती रोज खरोखरच असे पॉडकास्ट ऐकत असे. तिने प्रामाणिकपणे दोन नावं लिहिली: 'असं काहून?' आणि 'देव्हारा आणि दुर्बीण'. पहिल्याच्या चौथ्या भागातली एक आकडेवारी आपल्याला पटली नाही, असंही शेऱ्यात लिहिलं.

तिला शून्य गुण मिळाले. कारण: 'माहिती इतर प्रपत्रांशी जुळत नाही.'

इतर प्रपत्रं मात्र एकमेकांशी उत्तम जुळत होती. परिपत्रकामागे नमुना छापला होता, 'उदा. संशयाचा डोह, भाग ७', आणि दोनशे अकरा शिक्षकांनी तो जसाच्या तसा उतरवला होता. तिघांनी तर 'उदा.'सुद्धा सोडलं नव्हतं.

वर्षाने मोबाईलवर शोधलं. संशयाचा डोह कुठेच नव्हता. सातवा भाग नव्हता, पहिलाही नव्हता. ती केंद्रप्रमुख भगवानरावांकडे गेली. त्यांच्या दारावर लिंबू-मिरची होती आणि तिच्या शेजारीच अभियानाचं पोस्टर.

"सर, हा पॉडकास्ट नाहीच जी."

"नाही कसा? दोनशे अकरा लोकायनं सही-शिक्क्यानिशी लिवून देल्लं. ते काय खोटं बोलून राह्यले?"

"पण मले कुठंच सापडला नाही."

"कसा सापडन? तुम्ही शंका घेऊन शोधता, मॅडम. अशानं नाही सापडत."

"सर, तुम्ही ऐकला काय?"

"मी?" भगवानराव खुर्चीत मागे रेलले. "मी तर रोज ऐकतो. सकाळी आंघोळ झाल्यावर."

महिन्याभरात संशयाचा डोह हा तालुक्याचा सर्वाधिक लोकप्रिय पॉडकास्ट जाहीर झाला. श्रवण सप्ताह झाला. सप्ताहात दोन तट पडले: निवेदकाचा आवाज भारदस्त आहे म्हणणारे आणि मुळात ती निवेदिका आहे म्हणणारे. ते एका मांडवात चहासुद्धा घेईनात. सातवा भाग ऐकून एका गुरुजींनी सोमवारचा उपास सोडला, दुसऱ्यांनी धरला. दोघांचाही सत्कार झाला. वर्षाला नोटीस आली, की आपण तालुक्याच्या चिकित्सक वातावरणात विनाकारण शंका पसरवत आहात, तरी खुलासा करावा.

तिच्याच शाळेतल्या बेबीताई जुन्या, मायाळू. त्यांनी समजावलं, "अवं वर्षा, तू कायले शहाणपणा करून राह्यली? उतरवून टाक अन् मोकळी हो. एवढे लोकं म्हणतात, म्हणजे असनच न कुठंतरी!"

"बेबीताई, तुम्ही ऐकला?"

"माह्या मोबाईलले नेट कुठी हाय? पण चांगला हाय म्हणतात, बाप्पा."

त्या रविवारी बस लागलीच नाही. फोनवर अंजू म्हणाली, "याडी, तू कवा येशीन?" आणि पोरीने आईच्या उत्तराची वाट न पाहता फोन बापाकडे दिला. वर्षाला रडू आलं. खरं काय ते सांगून पोर भेटत नसेल तर ते खरं घेऊन करायचं काय, असं तिला प्रथमच वाटलं.

खुलाशाच्या दिवशी समितीत तिघं होते, अध्यक्ष भगवानराव.

"मॅडम, शेवटचं विचारतो. संशयाचा डोह ऐकला काय?"

"ऐकला जी," वर्षा म्हणाली.

समितीने सुस्कारा सोडला. एका सदस्याने खात्रीसाठी विचारलं, "मग सातव्या भागात काय हाय, सांगा बरं."

वर्षाने तिघांकडे नीट पाहिलं. "शेवटी तो माणूस विचारते, 'दुसऱ्याचं राहू द्या. तुम्ही सोता तपासून पाह्यलं काय?' अन् मंग कोणीच काही बोलत नाही."

समितीतही कोणी काही बोललं नाही. मग भगवानरावांनी चष्मा काढून पुसला.

"बरोबर," ते म्हणाले. "तिथंच माह्या डोयात पाणी आलतं."

दहापैकी दहा मिळाले. वर्षा पुसदला गेली; कार्यमुक्तीसाठी कार्यालयाने चांगला दिवस पाहून गुरुवार दिला. जाताना तिने दोनशे बाराव्या प्रपत्रावर नमुना उतरवून सही केली, आणि तालुका शंभर टक्के चिकित्सक झाला.

तुम्ही हसलात, ते ठीकच. लोक न तपासता कशावरही विश्वास ठेवतात, हे वाचायला बरं वाटतं. पण वर्षाचे ते दोन पॉडकास्ट, 'असं काहून?' आणि 'देव्हारा आणि दुर्बीण', आहेत की नाहीत हे तुम्ही शोधून पाहिलं होतं का? नाही ना. मग प्रपत्र 'ब' सोबत जोडलं आहे. तुमचं नाव मी लिहून ठेवलंय, सही तेवढी करा.