वर्षाचा एकच आकडा

माझ्या लग्नाच्या पंगतीत डोमामामांच्या पानावर भात पडला, वरण पडलं, आणि तेवढ्यात दुपारच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. मामा उठले. वाढपी म्हणाला, "मामा, जेवण?"

"ते कुठं पळून जाऊन राह्यलं?" असं म्हणून मामा मे महिन्याच्या उन्हात घराकडे निघालेसुद्धा. परत आले ते थेट मंचावर. माझ्या नवऱ्याला जय भीम केला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "कालच्यापेक्षा जरा कमी आहे, बेबी. पण एका दिवसाचं काही खरं नसते."

हा त्यांचा आशीर्वाद होता. त्यानंतर वरण गार झालं म्हणून ते वाढप्याशी भांडले.

डोमामामा सालेकशाकडच्या आमच्या गावातले, माझ्या माहेरच्या अगदी लागून घर असलेले. नोकरी रेल्वेत, रूळ तपासायची. उन्हाळ्यात रूळ तापून वाकतात, म्हणून भर दुपारी रुळांवरून चालत जायची त्यांची ड्यूटी असे. निवृत्तीनंतर रूळ सुटले, दुपार सुटली नाही. गोंदियाच्या बाजारातून त्यांनी एक तापमापक आणला आणि घराच्या उत्तरेकडच्या छपरीत भिंतीला टांगला. पहाटे एकदा आणि दुपारची गाडी गेली की एकदा, असे दोन आकडे खडूनं दाराच्या फळीवर लिहायचे. महिना झाला की हिशेब करून फळी पुसायची. वर्ष संपलं की बारा महिन्यांचा मिळून एक आकडा, तो मात्र पांढऱ्या ऑइलपेंटनं भिंतीवर. रेल्वेच्या अंतराच्या खांबांवर असतात तसे ठसठशीत आकडे. आमच्याकडे आलेला पाहुणा ती भिंत बघून विचारायचा, "इथून डोंगरगड किती दूर आहे?"

गावात कोणी सहज म्हटलं, "मामा, आज लय तपून राह्यलं," की मामा थांबायचे. "एका दिवसाचं नोको सांगू. वर्षाचं सांग." म्हणणारा बिचारा फक्त घाम पुसत असायचा.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. भूगोल घेतला होता. कॉलेजात शिकलेलं घरी येऊन कोणाला सांगावं, तर ऐकणारे एकटे मामा. देशाचं वार्षिक सरासरी तापमान दशकांमागून दशकं कसं वर सरकतंय, हे मी त्यांना वहीत आलेख काढून दाखवलं. त्यांनी वही उलटी करून पाहिली, सुलटी केली.

"यात आपलं गाव धरलं का?"

"नसेल धरलं, मामा."

"मंग देशाचं देशानं पाहावं. आपलं आपल्याले पाहा लागन."

शेजारच्या बिसेनकाकांनी कवेलू काढून टिनाचे पत्रे टाकले, तेव्हा मामांनी पत्रे टाकणाऱ्या माणसाला खाली उतरवलं होतं. "माह्या छपरीकडं झळ येईन न जी. मंग ही गर्मी देशाची का बिसेनची, कसं समजावं?" काका म्हणाले, "मेश्राम, तुमच्या पाऱ्यासाठी मी पावसात भिजू का?" शेवटी मामांनी स्वतःच्या हातानं मधल्या कुंपणाला शेवग्याची फांदी लावली. ती जगली. शेंगा बिसेनकाका खातात.

त्यांची एकच गोष्ट मला खटकायची. तापमापक भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. आकडा वाचायला मामा कमरेवर हात देऊन, कण्हत, खाली बसायचे आणि उठताना भिंत धरायचे. मी सांगितलं, "मामा, पुस्तकात लिहिलंय, तो छातीच्या उंचीवर हवा. जमिनीलगतची हवा वेगळी असते."

"पुस्तक उभं राह्यत असन," मामा म्हणाले. तो विषय तिथंच संपला.

मागच्या वर्षी त्यांचा मुलगा विलास नागपूरहून ठेकेदाराला घेऊन आला. जुनं घर पाडून स्लॅब टाकायचा होता. मामांनी छपरीच्या दारात खुर्ची टाकली आणि बसून राहिले. ठेकेदाराची मोजपट्टी त्यांच्या पायाशी येऊन थांबली.

"बाबा, मोबाईलवर टेम्परेचर दिसते," विलास म्हणाला.

"ते गोंदियाचं. मी काय गोंदियात बसून आहो?"

ठेकेदाराचा दोनदा चहा झाला. मामा हलले नाहीत. मग विलास माझ्या माहेरी आला. मी सुट्टीला आलेलीच होते. "ताई, तुमी समजवा. तुमचं ऐकतात ते."

मी मोठ्या आत्मविश्वासानं गेले. म्हटलं, "मामा, नव्या अंगणात दुसरा तापमापक लावू, योग्य उंचीवर. वर्षभर दोन्ही वाचायचे, फरक समजून घ्यायचा, मग जुना काढायचा. शास्त्रातसुद्धा असंच करतात."

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बस इथं. खाली. आता आडवी हो, डोकं भिंतीकडं कर."

मी जमिनीवर आडवी झाले. "जरा वर," ते म्हणाले, "खाटेवर असती तर."

तेव्हा मला कळलं. मामींना लकवा झाला तेव्हा मी गोंदियाला वसतिगृहात होते. सुट्टीत आले तेव्हा मामी नव्हत्या आणि खाटही नव्हती.

"इथं तिची उशी होती," मामा म्हणाले. "घरातली सगळ्यात थंडी जागा पाहून खाट टाकली होती. ती रोज म्हणे, यंदा लय तपून राह्यलं जी, पयले असं नव्हतं. मी म्हणे, एका दिवसाचं नोको सांगू, मी जनमभर रुळावर चाललो. तर ती म्हणे, मंग मोजून पाहा न. कायले भांडता?" मामांनी तापमापकाची काच पंच्यानं पुसली. "मोजाले लागलो. वर्ष पुरं नाही झालं, तर ती गेली. छातीच्या उंचीचं तिनं इचारलंच नव्हतं."

विलास दारात उभा होता. त्यानं ठेकेदाराच्या हातातून मोजपट्टी घेतली आणि गुंडाळली.

आता मामांचं घर स्लॅबचं आहे आणि उत्तरेला त्याला एक जुनी कवेलूची छपरी चिकटलेली आहे. नवा पाहुणा विचारतो, पैसे संपले का. विलास म्हणतो, "नाही, तेवढी आईची खोली आहे."

या जानेवारीच्या पहिल्या सकाळी मी माहेरी होते. धुकं होतं, हात गारठले होते. छपरीत मामा घोंगडी पांघरून बसले होते, हातात ब्रश. भिंतीवरचे आकडे काही सरळ चढत गेलेले नाहीत. एखाद्या वर्षी पारा खाली आला, तर मामांनी तोही तेवढ्याच जाड रंगात लिहिला आहे. पण पहिला आकडा आणि त्या दिवशीचा ओला आकडा यांत चढ स्पष्ट होता.

मी कुंपणाशीच थांबले. मामांनी ब्रश डब्यात ठेवला, भिंतीला हात टेकला आणि उशीच्या जागेकडे वाकून हळू म्हणाले, "एका दिवसाचं नाही, वर्षाचं सांगून राह्यलो. तुहंच खरं निघालं."