सडली की तयार

"फिलिप, तुझ्या अर्बाबाची अजून तीन सडली!" इव्हॉनने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितले.

फिलिप गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला. "परवा चार, काल दोन, आज तीन? जिवापाड जप म्हटलं होतं ना मी?"

"जपतेय म्हणून एवढी तरी उरलीत. वाडीवाल्याची पोर आहे मी. एक सडकं आत राहिलं की सगळी टोपली नासते, हे पप्पांनी मला चालायच्या आधी शिकवलंय."

फिलिप ओमानमधल्या अल हैलमध्ये हमूद नावाच्या कंत्राटदाराचे, म्हणजे त्याच्या अर्बाबाचे, मालकाचे, स्टोअर अठरा वर्षे सांभाळत होता. तीन आठवड्यांपूर्वी हमूदने इराणहून आलेली एक पेटी त्याच्या हाती दिली. आत गवतावर साठ फळे मांडली होती. रंगाने चिकूसारखी, बुडाशी उघड्या तोंडाची, आणि दगडासारखी कडक.

"ये मेरा माँ का पेट का दवा है," हमूद म्हणाला. "मेरे घर में बच्चा लोग इससे बॉल खेलता. तुम ठंडा जगह रखो, हाथ मत लगाओ. बाद में खाबुरा, माँ के घर, ले के आना."

"इन्शाल्ला, अर्बाब," म्हणून फिलिपने पेटी घरी आणली. बायकोला जपायला सांगितले. हात लावू नकोस, हे सांगायचे राहून गेले. त्याचे सगळे लक्ष अर्बाबाच्या टेबलावर पडलेल्या रजेच्या अर्जाकडे होते. नाताळानंतर वसईला इव्हॉनच्या धाकट्या भावाचे, सॅव्हियोचे लग्न होते. आई नसल्यामुळे सगळे इव्हॉनलाच करायचे होते. "आणि एकटी गेले तर सगळी वसई विचारेल, नवऱ्याने टाकलं का," असे ती रोज एकदा ऐकवत असे. इकडे अर्जाचा विषय काढला की हमूद म्हणे, "पहले माँ का काम. बाद में तुम्हारा कागज."

ती तीन सडली त्याच संध्याकाळी हमूदचा फोन आला. "फिलिप, फल नरम हुआ?"

"नहीं अर्बाब!" फिलिप छाती फुगवून म्हणाला. "जो नरम होता है, मेरा मिसेस उसी दिन निकाल देता है. सब कडक. एकदम फ्रेश!"

पलीकडे हमूदचा आवाज चढला.

"फिलिप, कडक तो बकरी भी नहीं खाता. काला होता, नरम होता, तब वो तैयार होता. मेरा माँ पाँच दिन से बाथरूम जाता और ऐसे ही वापस आता. समझा? कल नरमवाला ले के आना. खलास."

फिलिप मटकन सोफ्यावर बसला. "इव्हॉन, सडलेली ती चांगली होती."

"मग पेटीत चांगली आहेत ती?"

"ती... अजून सडायची आहेत."

मेलिसा, त्यांची मुलगी, मोबाइलवर शोधू लागली. "मम्मी, ह्याला मेडलर म्हणतात. फायबर आहे, पोटॅशियम आहे, आयर्न पण. सॉफ्ट झाला की कॉन्स्टिपेशनला देतात. आणि हार्ड असला की... लूज मोशनला."

"एकच फळ दोन्हीकडून?" इव्हॉनने पदराने वारा घेतला. "हे काय औषध झालं? खाणाऱ्याने ओळखायचं कसं?"

"आपली सुकेळी काळी पडतात, त्यांना तू सडकी म्हणतेस का?" फिलिप ओरडला.

"सुकेळी म्हणजे सुकवलेली केळी, ही सडलेली आहेत. मला वसई शिकवू नकोस!"

"बरं, फेकलीस कुठे?"

"फेकेन कशाला? अन्न आहे. खाली भिंतीवर कागद घालून ठेवते, बकऱ्यांसाठी."

तिघेही जिना उतरले. भिंतीपाशी इमारतीचा वॉचमन अलीमियाँ खुर्ची टाकून बसला होता. समोर कागदावर तीन मऊ फळे आणि बाजूला बियांचा छोटा ढीग.

"आइए भाभीजी," तो उठून म्हणाला. "आज का अभी खाया नहीं."

"अलीमियाँ, वो बकरी के लिए था!"

"बकरी तो सूँघ के चली जाती है. मैं पहले ईरानी सेठ के पास था, वो लोग सर्दी में यही खाते थे. मेरा पेट बरसों से पत्थर था भाभीजी, अब घडी जैसा चलता है. मैं तो समझा, आप चुपचाप मेरे लिए रख जाती हैं." त्याचे डोळे भरून आले होते.

इव्हॉनला त्याच्यापुढून ती तीन फळे उचलताना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शुक्रवारी सकाळी पेटीत एका बाजूला तीन मऊ फळे आणि दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्याने पुसलेली एकोणीस कडक फळे घेऊन फिलिप आणि इव्हॉनची गाडी खाबुऱ्याला निघाली. "अठरा वर्षांची नोकरी तीन फळांवर," फिलिप दर दहा मिनिटांनी म्हणत होता.

हमूद दारातच भेटला. त्याचे डोळे तारवटलेले होते. "रात को मैंने माँ को एरंडी का तेल दिया," तो हळूच म्हणाला. "सिस्टर को मालूम नहीं था. उसने भी दिया."

एवढ्यात आतून त्याची म्हातारी आई भिंत धरत आली. पहाटेपासूनची तिची ही बाथरूमची आठवी खेप होती. फिलिपने अदबीने तीन मऊ फळे पुढे केली. म्हातारीने ती पाहिली आणि विंचू दाखवावा तशी मागे सरकली. मग तिची नजर कडक फळांवर गेली. तिने एक कापून घेतले, तोंड वेडेवाकडे करत चावले, आणखी एक मागितले, आणि जाऊन आडवी झाली.

दुपारचे जेवण झाले. हमूदसह तिघेही बाथरूमच्या दाराकडे बघत बसले. दार वाजले नाही. शेवटी म्हातारी झोपेतून उठली, तिने कहवा मागवला आणि मुलाला काहीतरी विचारले.

"माँ पूछता, कडकवाला किसने सँभाला?"

फिलिपने इव्हॉनकडे पाहिले. इव्हॉनने पेटीकडे.

"हर साल सब नरम हो के आता," हमूद म्हणाला. "कडक किसी ने अलग नहीं रखा. माँ बोलता, ये औरत हकीम है."

"शुक्रन," इव्हॉनने आभार मानले. आपले नेमके काय बरोबर झाले, हे तिला कळेना.

रजेच्या अर्जावर गाडीच्या टपावरच सही झाली. पंधरा दिवस मागितले होते, वीस मिळाले. आणि डिकीत दुसरी पेटी आली, पुन्हा साठ फळांची. "मैडम के हाथ से," हमूद म्हणाला. "नरम अलग, कडक अलग. छुट्टी से आने के बाद दोनों लाना."

निघायच्या दिवशी ती पेटी कोणाकडे ठेवायची, हा प्रश्न पडला. इव्हॉनने ती अलीमियाँच्या खोलीत नेऊन ठेवली. त्याच्यापुढून फळे उचलली होती, ते तिच्या मनाला लागले होते. एवढा विश्वास तरी दाखवायला हवा, असे तिला वाटले.

"रोज देखना हाँ, अलीमियाँ. जो नरम पडेगा, उसको पेटी में नहीं रहने देना."

अलीमियाँने छातीवर हात ठेवला. "बेफिकर जाइए भाभीजी. एक भी नहीं रहेगा."

"किती जबाबदार माणूस आहे!" टॅक्सीत बसताना इव्हॉन म्हणाली.

फिलिपने काहीतरी सांगायला तोंड उघडले. मग त्याने खिशातला सही झालेला कागद चाचपला, आणि तोंड पुन्हा मिटले.