धुराची दुसरी जागा

ओहोळबाईंच्या दिवाणखान्यातल्या धुराड्यात एक जुना धूर भाडेकरू होता, आणि तो जागा सोडायला तयार नव्हता.

घाटमाथ्यावरच्या त्या थंड गावात याचं कुणाला नवल नव्हतं. साहेब लोकांनी बांधलेल्या दगडी बंगल्यांत फायरप्लेस होत्या, फायरप्लेसवर धुराडी होती आणि बहुतेक धुराड्यांत कुणी ना कुणी राहत होतं. कायदा साधा होता. जो धूर बारा हिवाळे एकाच धुराड्यात टिकला, त्याला नुसत्या मालकाच्या मर्जीनं बाहेर काढता येत नाही. ओहोळबाईंचा धूर तर बाई जन्मायच्या आधीपासूनचा. तो हिरड्याच्या लाकडाचा होता, आणि ही गोष्ट तो दर दोन वाक्यांआड ऐकवायचा.

बाईंनी मुलींच्या बोर्डिंग शाळेत भूगोल शिकवण्यात जन्म काढला होता. एक धूर त्यांना काय जड होता? पण दाविद सरांचा खोकला सुरू झाला आणि बाईंचं डोकं फिरायला लागलं. सर म्हणजे बाईंचे यजमान. त्याच शाळेत गाणं शिकवायचे, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे, आणि स्वभावानं असे की घरात चोर शिरला तर आधी त्याला चहा विचारतील. फायरप्लेस पेटली की ताजा धूर वर जायचा, वर जागा पुरायची नाही, मग जुना खाली उतरून सरांच्या खुर्चीशेजारी बैठक मारायचा. दोघांच्या गप्पा रंगायच्या. गप्पा संपल्या की सर जे खोकायला लागायचे ते थांबायचेच नाहीत.

"बाई, स्पष्ट सांगतो," डॉक्टर पोळ म्हणाले, "यंदाच्या थंडीत या घरात एक तर धूर राहील, नाहीतर सर राहतील. दोघं नाही. धूर निघत नसेल तर सरांना सोलापूरला लेकीकडे पाठवा. कायमचं."

लेकीच्या घरी एका माणसाची पथारी कशीबशी पडेल, दोघांची नाही. या वयात नवरा एका गावी नि बायको एका गावी? आणि ते कुणासाठी, तर त्या मेल्या धुरासाठी? छे! बाईंनी त्याच आठवड्यात पुण्याहून लोखंडी शेगडी मागवली. काचेचं दार असलेली, जुन्या फायरप्लेसच्या तोंडात चपखल बसणारी. तिच्या डोक्यावरून स्टीलचा पाइप निघणार, तो धुराड्यातून थेट छपराबाहेर. लाकूड आत जळेल, धूर पाइपातून जाईल, खोलीत येईल ती फक्त ऊब.

वाईहून हुसेन मिस्त्री आला. त्यानं टेप लावला, फायरप्लेसमध्ये डोकं घातलं, वर बघितलं आणि डोकं बाहेर काढलं.

"बाई, वर राहतंय की कुणीतरी."

"कुणीतरी कसलं? धूर आहे."

"तेच ते. ताबा त्याचा हाय ना? पाइप त्याच्या घरातनं जाणार. त्यानं हो म्हटल्याबिगर मी हात लावणार नाही."

"अहो, घर माझं आहे!"

"घर तुमचं, धुराडं त्याचं. माझ्यावर एक केस चालूय बाई. खालच्या आळीत एक धूर बायकोसंगट राहत हुता. मी मधनं पाइप घातला. नवरा एकीकडं, बायको एकीकडं. आजून तारखा पडत्यात."

एवढं बोलून त्यानं शेगडी दिवाणखान्याच्या मधोमध सोडली आणि तो घाट उतरून गेला. ती धोंड तिथून हलवायला चार माणसं लागली असती. येता-जाता बाईंच्या पायाचं बोट तिच्यावर आपटायचं, आणि दर वेळी त्या वर बघून धुराला शिव्या घालायच्या. शाळेत शिकवणाऱ्या बाईला येतात तेवढ्याच, पण मनापासून.

शेवटी पदर खोचून त्या फायरप्लेससमोर वेताचा मोडा टाकून बसल्या.

"ऐकतोयस ना? तुला दुसरी जागा बघून देते. बेकरीचं धुराडं रिकामं आहे."

"बेकरीत मैद्याचा धूर असतो, बाई," वरून आवाज आला. "मी हिरड्याच्या लाकडाचा. आमचं जमायचं नाही."

"वीटभट्टी?"

"तिथं दगडी कोळसा. काय बोलता?"

"आणि वाईची स्मशानभूमी? मोकळी हवा, नदीकाठ."

"बाई," धूर दुखावल्या आवाजात म्हणाला, "मी अजून आहे."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. खुर्चीतून सर म्हणाले, "मार्था, त्याचं तरी काय चुकलं? म्हातारपणी कुठे जाईल तो?"

"तुम्ही गप्प बसा! तुम्हाला सोलापूरला जायचंय का? जायचं असेल तर सांगा, आत्ता बॅग भरते."

सरांना खोकल्याची उबळ आली.

मग बाईंनी धुराडं खाली करून मिळावं म्हणून सरकारी कचेरीत अर्ज केला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण बाई रोज कचेरीच्या बाकावर जाऊन बसायला लागल्या, तेव्हा थंडी पडायच्या आत स्थळपाहणीसाठी वहिवाट अधिकारी खंडाईत आले. मफलर गुंडाळलेला, शांत, कुणावरही आवाज न चढवणारा माणूस. बाईंना अशा माणसांचा सगळ्यात जास्त राग यायचा. खंडाईतांनी चप्पल दाराबाहेर काढली, शेगडीला वळसा घालून ते फायरप्लेससमोर उभे राहिले.

"भाडेकरू घरात आहेत का?"

"आहे," धूर म्हणाला. "या. बसा."

"बसा काय म्हणतोस, खुर्च्या काय तुझ्या आहेत?" बाई कडाडल्या.

खंडाईतांनी हातानंच त्यांना थांबवलं. धुराचा वास बघितला, रंग बघितला, दगडावरच्या काजळीला बोट लावलं. "वहिवाट जुनी आहे. भाडेकरू शांत आहेत. शेजाऱ्यांची तक्रार नाही. बाई, माफ करा, पण जागा खाली करून घ्यायला मला काही कारण दिसत नाही."

"कारण दिसत नाही? हा खोकणारा माणूस तुम्हाला दिसत नाही?"

"तो त्रास झाला. त्रास हे कारण नाही. भाडेकरूला राहायला दुसरीकडे जागा असती, तर ते कारण झालं असतं."

इथे बाईंचा तोल गेला. इतक्या दिवसांचा सगळा वैताग एकदम तोंडाशी आला.

"दुसरी जागा? आहे की! हा धुराड्यात राहतोच कुठे? संध्याकाळ झाली की खाली उतरतो आणि ह्यांच्या छातीत जाऊन बसतो! पाऊसभर तिथेच असतो, उन्हाळ्यात तिथेच असतो. फायरप्लेस बंद असताना ह्यांना खोकला कशाचा येतो मग? धुराड्यात नुसतं नाव लावून ठेवलंय मेल्यानं, मुक्काम सगळा ह्यांच्या छातीत!"

धुराड्यात काहीतरी चुळबुळलं.

"हे खरं आहे का?" खंडाईतांनी वर बघून विचारलं.

"कधीमधी जातो," धूर कसनुसा म्हणाला. "सर नको म्हणत नाहीत."

खंडाईतांनी सरांच्या छातीला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग सरळ उभे राहून म्हणाले, "जागा आहे. अंधारी आहे, उबदार आहे, भाडेकरूच्या सवयीची आहे. मालकांची हरकत?"

"कसली हरकत," सर म्हणाले. "अशी कितीशी जागा घेतो तो!"

"अहो!" बाई ओरडल्या. "हरकत आहे म्हणा!"

"त्या जागेचे मालक तुम्ही नाही, बाई," खंडाईत हळू आवाजात म्हणाले. "सर आहेत. तुमचा अर्ज मंजूर. धुराड्याचा ताबा आजपासून तुमचा."

बाई मटकन शेगडीवरच बसल्या. आपण काय बोलून गेलो ते त्यांना आत्ता कळत होतं. "साहेब, मी रागात बोलले. मला धूर यांच्यातून बाहेर हवा होता हो! तुम्ही कायमचा आत घातलात!"

"मी नाही घातला. तो होताच. मी फक्त मान्य केलं."

"मग मी परत अर्ज करते. तिथून काढा त्याला."

"सरांनी केला तर घेईन."

सरांनी मान हलवली. नाही म्हणून. बाईंना इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं.

खंडाईत चपला घालत होते तेव्हा त्या दारापर्यंत गेल्या. "आणि हे किती दिवस चालायचं?"

"इमारत उभी आहे तोवर भाडेकरूचा हक्क आहे, बाई."

"आणि इमारत पडली म्हणजे?"

"मग हक्क संपतो," खंडाईत म्हणाले, आणि मफलर घट्ट करून उतरणीला लागले.

दुसऱ्या दिवशी हुसेन मिस्त्री आला. रिकामं धुराडं बघून खूश झाला, चार माणसं लावून शेगडी जागेवर सरकवली, पाइप वर नेला, फटी भरल्या, छपरावर टोपी बसवली. कुठे काही अडलं नाही. डॉक्टर पोळ आले, त्यांनी सरांना तपासलं. आतून कुणीतरी "जरा हळू" म्हणालं, तेव्हा त्यांनी नळी कानातून काढून खिशात ठेवली. आता सरांना सोलापूरला पाठवण्यात अर्थ नव्हता. सर जातील तिथे धूर जाणार. डॉक्टरांनी तसं सांगितलं. मग सर राहणार, इथेच, याच घरात. बाईंना हवं होतं ते हेच.

थंडी पडली. बाईंनी शेगडी पेटवली. काचेमागे जांभळीची लाकडं छान धरली, खोली भरून ऊब आली, धुराचं नाव नाही. अशी खोली बाईंनी या घरात कधी पाहिली नव्हती. खुर्चीत बसून सर गुणगुणत होते, आणि खालच्या पट्टीत आणखी कुणीतरी त्यांना साथ देत होतं. मधेच सर खोकले. गाणं थांबलं.

"बाई," सरांच्या गळ्याच्या खालून आवाज आला, "इथे वरच्या अंगाला जरा वारा लागतो."

"लागू दे! हौस होती ना?"

बाई तावातावानं उठल्या, आतून आपला जाड लोकरीचा स्वेटर आणला आणि सरांच्या अंगात घातला. शेवटचं बटण लावून त्यांनी सरांच्या छातीवर तळहात ठेवला आणि वर्गात काढायच्या तशा आवाजात त्या म्हणाल्या, "आत नीट राहायचं. आदळआपट करायची नाही. बांधकाम जुनं आहे."

"हो, बाई," धूर म्हणाला.

"आणि ऐक." बाईंनी हात काढला नाही. "काही पडतंय, काही सरकतंय असं वाटलं, तर लगेच मला हाक मारायची. ते सांगणार नाहीत. तू सांगायचंस."