फाइलच्या कोपऱ्यातली टिंबं

लहान मुलांच्या खासगी दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण येतात: आजारी मुलं आणि त्यांच्या आया. पैकी पहिल्या प्रकारावर औषध निघालेलं आहे.

दुसऱ्या प्रकाराची व्यवस्था काउंटरवर होते. त्या काउंटरवर बसणारी बाई पदवीधर होती, तिचं अक्षर वळणदार होतं आणि घरी तिला अडीच वर्षांची मुलगी होती. या तिसऱ्या पात्रतेसाठी नोकरीच्या अर्जात रकाना नव्हता. (असता तर नोकरी मिळाली नसती.)

कामाला लागून सहा महिने झाले तेव्हा तिने टिंबांची पद्धत सुरू केली. फाइलच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने, आईच्या नजरेत येणार नाही एवढं बारीक टिंब.

एक टिंब: औषध जेवणाआधी की नंतर, हे दोनदा विचारणारी.

दोन टिंबं: घरी पोचायच्या आत फोन करणारी.

तीन टिंबं: मुलाच्या शीचे फोटो मोबाइलमध्ये तारीखवार लावून ठेवणारी.

वडिलांसाठी टिंब नव्हतं. वडील गाडी लावायला गेलेले असत.

पुढे तिने चार महिन्यांची आकडेवारी काढली. तीन टिंबांच्या एकोणचाळीस आयांपैकी अडतीस जणींच्या मुलांना काहीही झालेलं नव्हतं. एकोणचाळिसावीच्या मुलाच्या नाकात वाटाणा निघाला, पण वाटाणा हा आजार नसल्याने तो हिशेबात धरला नाही. यावरून असा नियम ठरला, की तीन टिंबांच्या आईचा नंबर शेवटी लावावा. दवाखान्यात पाऊल टाकताच घाबरलेली आई निम्मी बरी होते. तेव्हा तिला तिथे जास्त वेळ बसवून ठेवणं हा एक प्रकारचा उपचारच झाला. हे ऐकून डॉक्टरांनी मान हलवली. (तेव्हा त्यांच्या कानात स्टेथोस्कोप होता. तरी ती संमती समजण्यात आली.)

उपचाराचं वाक्यही ठरलेलं होतं: "बसा तुम्ही. बघतील हं डॉक्टर." त्यातला 'हं' तिने आरशासमोर घोटला होता.

घरची गोष्ट वेगळी. घरात तीन थर्मामीटर होते. दोघांचं जुळलं नाही तर तिसरा पंच. मुलगी झोपली की तिचे श्वास मोजले जात, आणि दोन वेळचा आकडा सारखा आला नाही तर नवऱ्याला उठवून त्याचेही मोजले जात, तुलनेसाठी.

एका मंगळवारी, दवाखाना ऐन भरात असताना, सासूबाई मुलीला कडेवर घेऊन काउंटरसमोर उभ्या राहिल्या. सकाळपासून कान ओढतेय, म्हणाल्या, खाली ठेवली की रडतेय. "म्हटलं इथेच आणावी. नाहीतर फोन करून करून तू माझा जीव घेतला असतास."

मुलीचं अंग चटका बसेल एवढं तापलं होतं. काउंटरवाल्या बाईने गुपचूप तिची फाइल काढली आणि गठ्ठ्याच्या अगदी वर सरकवली. सरकवताना कोपरा दिसला. पाच टिंबं होती. पद्धतीत पाचाची तरतूदच नव्हती.

"तीनात मावत नव्हतं, ताई," तिचे घरी केलेले फोन रोज ऐकणाऱ्या दवाखान्यातल्या नर्सबाई मागून म्हणाल्या. फाइल त्यांनी अलगद खाली, तळाशी ठेवली आणि काउंटरच्या खुर्चीत स्वतः बसल्या. "तुमचाच नियम. बसा तुम्ही. बघतील हं डॉक्टर."

'हं' अगदी हुबेहूब होता.

बाकावर बसल्यावर तिला काही गोष्टी नव्याने कळल्या. भिंतीवरचं घड्याळ बाकाच्या डोक्यावर होतं. ते फक्त काउंटरवरून दिसे. आणि बाकावरून पाहिलं, तर काउंटरवरच्या माणसाचा नुसता भांग दिसे. भांगाकडे बघून किती वेळ लागेल ते कळत नाही. तिने उठून विचारलं. मग आणखी एकदा विचारलं. मुलीचा कान तिच्या गळ्याशी भाजत होता, आणि रडून रडून पोरीचा आवाज बसला होता.

शेजारी एक तीन टिंबांची आई होती. दीड तासापूर्वी हिनेच तिला बसवलं होतं. तिचा नंबर पुकारला गेला. ती उठली, मुलीकडे पाहिलं आणि परत बसली.

"तुम्ही जा आधी. आम्हाला बसायची सवय आहे."

टोमणा नव्हता, हीच पंचाईत. टोमण्याला उत्तर देता आलं असतं.

डॉक्टरांनी कानात बत्ती धरली आणि गंभीर झाले. आत पू झाला होता. बरं केलंत आणलंत, म्हणाले, आजचा दिवस काढला असता तर पडदा फाटला असता. तिने विचारलं, औषध जेवणाआधी की नंतर. दाराशी पोचल्यावर परत विचारलं.

मुलगी औषध पिऊन सासूबाईंच्या खांद्यावर घरी गेली. शेजारच्या बाईच्या मुलाला डॉक्टरांनी सव्वा वाजता तपासलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. म्हणजे पद्धत बरोबर होती. असं काउंटरवाल्या बाईला वाटायला हवं होतं.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर तिने खोडरबर काढला. मुलीच्या फाइलवरची पाचही टिंबं खोडली. आकडेवारीत भर घातली: पाच टिंबांच्या आयांची मुलं शंभर टक्के खरोखर आजारी असतात (नमुना: एक). मग शेजारच्या बाईची फाइल शोधून तीनातलं एक टिंब खोडलं. दोन राहू दिली. एकदम सगळ्यांची सगळी खोडली असती, तर अशी काही पद्धत होती हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

पद्धत अजून चालू आहे. फक्त चौथ्या टिंबाची तरतूद नव्याने करण्यात आली आहे, आणि तिच्यात वडीलही धरले आहेत. पुढच्या खेपेला मुलाची फाइल हातात आली, की ती उजेडाकडे धरून कोपरा जो बघेल, त्याच्यासाठी ते आहे. काउंटरवरून तुम्ही अगदी स्वच्छ दिसता.