चूळ भरण्याआधीचं औषध

दौलतबापूंच्या मते माणसं दात घासायला लागली आणि रोग वाढले. सकाळी उठल्यावर, चूळ भरण्याआधी तोंडात असते ती थुंकी म्हणजे औषध, आणि आपण ते मोरीत ओततो! डास चावो, बोट कापो, त्यांचा उपाय एकच. एकदा माझ्या चष्म्याचा सैल स्क्रूही ते तसाच बसवायला निघाले होते. मी चष्मा हिसकावून घेतला.

बापू मूळचे सटाण्याकडचे. नाशकात आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले उंदीर तेच सांभाळतात. मी तिथे पीएचडी करते. उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क टोचला तर त्यांच्या अंगावरच्या गाठी आटतात का, हा माझा विषय. तो ऐकला त्या दिवशी बापूंनी मला स्वतःची खुर्ची दिली.

"आता शिकेल-सवरेल लोकं बी मानतील! लाळ म्हणजे अमृत शे, ताई!"

पिंजरे दोन, एक लाल खुणेचा आणि एक हिरव्या खुणेचा. टोचायच्या बाटल्या माझे मार्गदर्शक सर भरून देत. कुठल्या खुणेला अर्क आणि कुठल्या खुणेला नुसतं सलाइन, ते फक्त त्यांनाच ठाऊक.

गाठी मोजायच्या दिवशी बापू कुणाला शिंकूही देत नसत. लाल पिंजऱ्यातल्या गाठी लहान राहिल्या, तसं त्यांनी "लाल आपला!" असं जाहीर करून टाकलं. पण हल्ली मोजून झालं तरी ते उंदीर पिंजऱ्यात सोडायचे नाहीत. "अजून एकदा मोजा ना, ताई." पीएचडी माझी, पण जीव टांगणीला लागला होता त्यांचा. कारण विचारलं की खराटा घेऊन निघून जायचे.

काल सरांनी बंद पाकीट फोडलं. अर्क हिरव्याला होता. गाठी आटल्या नव्हत्या, उलट वाढल्या होत्या.

मी रडकुंडीला आले. बापू भिंतीला टेकून खालीच बसले.

"लाळेनं गाठ वाढस का, ताई?"

"अहो, हा ग्रंथींचा अर्क, तोही टोचलेला. तोंडातली थुंकी वेगळी."

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. "आमच्या मंडळीच्या छातीत गाठ शे. डॉक्टरला दाखवाले लाजस ती. महिना झाला, रोज सकाळी लावस मी. मीच वाढवली का?"

मला माझ्या रडण्याची लाज वाटली. "तुम्ही नाही वाढवली, बापू. पण आता एक दिवसही थांबायचं नाही."

आज सकाळी आम्ही सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे होतो. काकू पदर चाळवत होत्या, बापूंनी त्यांचा दुसरा हात घट्ट धरला होता. नंबर कधी येईल, हे विचारायला ते माझ्याकडे वाकले, तेव्हा त्यांच्या तोंडाला टूथपेस्टचा वास आला.