सुनंदाचा दहावा बदाम

सन दोन हजार बावीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या दिवाळीत माझ्या पुतणीनं मला भर पाहुण्यांत थांबवलं. ती पाया पडली, मी आशीर्वादाला हात उचलला, तर म्हणाली, "आण्णा, हात लावायच्या आधी सांगायचं. कोणता हात, कुठे, किती वेळ."

मी सांगितलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण आशीर्वाद द्यायला फॉर्म भरावा लागतो हे मला कोणत्याच गुरुजींनी शिकवलं नव्हतं. हात खाली घेतला आणि वर्षभर तिच्या डोक्यावर ठेवला नाही. हट्टाला मीही कमी नाही.

सुनंदा माझ्या धाकट्या भावाची लेक. भाऊ गेल्यापासून ती आणि तिची आई शांता आमच्यातच असतात. चौसाळ्याला स्टँडसमोर माझं सायकलचं दुकान आहे. आता सायकली आणतंय कोण? म्हणून अर्ध्या दुकानात ती कॉम्प्युटर लावून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. तिच्या हातून आधारचा एक आकडा चुकलेला दाखवा, मी मिशी उतरवीन. पण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघणार नाही. एसटीचा हॉर्न वाजला की दोन्ही कान दाबणार. आणि बोलणार अगदी पुस्तकातल्यासारखं. एकदा सरपंच म्हणाले, "ताई, पाच मिन्टात करा बरं." ही म्हणाली, "सतरा लागतील." सतराच लागली. सरपंच रुसले ते अजून रुसलेलेच आहेत.

मोठ्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या ह्या असण्याला नाव दिलं, ऑटिझम. मी विचारलं, औषध काय? बाई म्हणाल्या, आजारच नाही तर औषध कशाचं? मला पटलं नाही. मी चाळीस वर्षं चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढलेला माणूस. चाक डुगडुगलं की तारा आवळायच्या, चाक सरळ. पोरगीही होईल, असं मी धरून चाललो होतो.

काम नसलं की ती गेम खेळते. मारामारीचा नाही, एका गावाचा. त्या गावात शेती करायची, लोकांना त्यांच्या आवडीची भेट द्यायची. भेट आवडली की त्या माणसापुढं एक बदाम भरतो, पत्त्यातल्यासारखा लाल. दहा भरले की लग्न. त्या गावात रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणारी एक पोरगी आहे. तीही कोणाकडं बघत नाही, कान दाबते, दिवे मोजत हिंडते.

"तुज्यासारखीच हाय की ही!" मी म्हणालो.

"आठव्या बदामापर्यंत," सुनंदा म्हणाली. "पुढे बघा."

नवव्या बदामाला ती पोरगी केस मोकळे सोडून भेटी देणाऱ्या नायकाच्या डोळ्यांत बघायला लागली. दहाव्याला जत्रा भरली, आणि नायकानं न विचारता तिला मिठी मारली. मागं ही आतषबाजी! पोरगी आपली हसतेय.

"हे चूक आहे," सुनंदा म्हणाली. "तिला फटाके सहन होत नाहीत, हे गेम करणाऱ्यांनीच तिसऱ्या बदामाला लिहिलं आहे. आणि त्याने विचारलं नाही. प्रेम झालं की ती बरी होते, असं ते दाखवतात. बरी व्हायला ती आजारी कधी होती?"

गेमच्या कंपनीला तिनं इंग्रजीत अकरा पत्रं पाठवली. प्रत्येकाच्या शेवटी तेच वाक्य: हे चूक आहे, दुरुस्त करा. कंपनीचं उत्तर एकदाच आलं, तेही मशीननं दिलेलं.

मी हसलो होतो तेव्हा. एवढ्याशा चित्रातल्या पोरीसाठी एवढी भांडणं?

पुढच्या वर्षी कडा गावाहून तिला स्थळ आलं. शांतानं देवाला नारळ बोलला. तिला एकच घोर, आपल्यामागं पोरीला कोण? मी सुनंदाची तयारी करून घ्यायला बसलो. ती डोळ्यांत बघेना, म्हणून शांताची लाल टिकली माझ्या कपाळाला लावली आणि म्हटलं, "हितं बघ, समोरच्याला डोळ्यात बघितल्यासारखं वाटतं." तीन दिवस हा सराव चालला. चौथ्या दिवशी मी टिकलीसकट हॉटेलात चहा पिऊन आलो. सगळ्या चौसाळ्यानं बघितलं, बोललं कोणीच नाही.

पाहुणे आले. मुलगा ट्रॅक्टरवाला, बरोबर त्याचा मामा. सुनंदानं चहा ठेवला आणि मुलाच्या हातात एक पुडकं दिलं. आत ट्रॅक्टरचा फॅन बेल्ट! मोबाईलवर तिनं त्याचे फोटो बघितले होते, सगळे ट्रॅक्टरचेच; त्यावरून नंबर काढला होता. आवडीची भेट द्यायची हा नियम तिनं गेममधून उचललेला.

मुलगा उडालाच. "आयला, ह्याच नंबरचा! बीडात हुडकून दमलो मी!"

मामा म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. पोरी, वर बघ की. मुलाकडं बघ."

"मी बघितलं तर मला ऐकू येत नाही," सुनंदा म्हणाली. "ते काय बोलतात ते मला ऐकायचं आहे."

मामा मोठ्यानं हसला. "असू द्या, असू द्या! लगीन झाल्यावर हुईल सरळ. समद्या हुत्यात."

मुलगा बेल्टकडं बघत राहिला. सुनंदानं दोन्ही कान दाबले, बाहेर हॉर्न वाजला नव्हता तरी. हळूच म्हणाली, "दहावा बदाम."

त्या खोलीत ते फक्त मला कळलं. आणि मामा जे बोलला ते इतकी वर्षं मीच बोलत आलोय, हेही कळलं. मी उठलो.

"चहा घ्या अन् गाडीला लागा."

"आण्णा, कावून तापायलाव?" मामा म्हणाला.

"चाळीस वर्षं आउट काढला मी. तो चाकात असतो. आमच्या पोरीत न्हाई."

"मग काय जलमभर घरात बसवून ठिवायची का?"

"दुकानात बसती ती. सतरा मिन्टात फॉर्म भरून देती. तुमचाबी आणा."

मुलगा बेल्ट परत द्यायला लागला. सुनंदा म्हणाली, "न्या. तुमच्याच नंबरचा आहे."

शांता पदर तोंडाला लावून आत गेली. आता कोण येणार, एवढंच म्हणाली.

दिवेलागणीला मी दुकानात गेलो. सुनंदाच्या पडद्यावर दुसराच गेम होता. तिनं स्वतः केलेला, दोन वर्षं खपून. एक बाक, बाकावर एक पोरगी, समोर रस्ता.

"हिचे बदाम कसे भरायचे?"

"बदाम नाहीत. पाच दिवस तिच्या शेजारी बसायचं. तोंडाकडे बघायचं नाही. बोलायचं नाही."

"मग?"

"मग ती तिच्या कपातला अर्धा चहा तुमच्या बशीत ओतते."

"अन् गळ्यात पडत न्हाई?"

"तिला वाटलं तर. आधी सांगून."

"किती जणांनी खेळला हा?"

"शून्य," ती म्हणाली. आधारचा आकडा सांगावा तशी.

मी म्हणालो, "उजवा हात. डोक्यावर. एकदा. ठिवू का?"

तिनं विचार केला. "आज नको. आज फार माणसं झाली."

"बरं," मी म्हणालो, आणि खरंच मला राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. माझं लाकडी स्टूल चाळीस वर्षं आत तोंड करून असायचं, ते उचललं आणि तिच्या खुर्चीशेजारी, रस्त्याकडं तोंड करून ठेवलं. बसलो. एसटी आली, हॉर्न वाजला, शेजारी तिनं कान दाबले असतील. मी बघितलं नाही. लई वेळ गेला.

मग ती म्हणाली, "एक."